विजेची मोट

नांदेडजवळ गोदावरीच्या कांठीं विष्णुपुरी आहे. तेथें नदीचें पाणी अडवून तें पंपांनीं उंचावर चढविलें जातें आणि कालव्यावाटे शेतांस दिलें जातें. त्याच विष्णुपुरीस श्री गुरु गोविंदसिंगजी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्था आहे. ती १९८१ सालीं स्थापन झाली. एकीकडे पाण्याचा उपसा, तर दुसरीकडे विजेच्या विद्येचें अध्ययन, हा शेजार योगायोगाचा खरा. परंतु विजेच्या विद्येंतहि एक उपसा आहे आणि त्याचें तत्त्व पाण्याच्या उपशाशीं फार जवळचें आहे, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. ह्या उपशास चार्ज पंप असें म्हणतात. विद्युद्भार थोडा थोडा उचलून वरच्या दाबास नेऊन ओतणारी ती विजेची मोटच होय.

ह्या मोटेची गरज कोठें पडते? आज घरोघरीं जे मोबाइल फोन आहेत, त्यांतील छायाचित्रें व पत्रें एका बारीक चिपेंत सांठविलेलीं असतात. ती चिप दोन-तीन व्होल्टांच्या विजेवर चालते. परंतु तिच्यांत एखादी गोष्ट कायमची लिहून ठेवावयाची म्हटलें, तर लिहिण्याच्या त्या क्षणापुरता सुमारें २० व्होल्टांपर्यंत दाब लागतो. फोनमध्यें २० व्होल्टांची वेगळी बॅटरी बसविण्यास जागा नाहीं. तेव्हां आहे त्याच अल्प दाबापासून अधिक दाब तेथल्या तेथें निर्माण करावा लागतो, आणि तें काम चार्ज पंप करतो. त्यास वेटोळें लागत नाहीं व फिरणारा भाग तर मुळींच नाहीं.

ह्या विषयावर जगभर पुष्कळ शोधनिबंध प्रसिद्ध झालेले आहेत. अभियांत्रिकीचा विद्यार्थी त्यांपैकीं एखादा वाचतो, त्यांतील आकृति पाहतो, आणि तीच रचना संगणकावर उभी करून तिची परीक्षा घ्यावी असें त्याच्या मनांत येतें. ह्या परीक्षेस सिम्युलेशन म्हणतात. तारा न जोडतां, डाख न देतां, केवळ गणिताच्या बळावर मंडल कसें वागेल हें पाहण्याची ती रीत आहे. विद्यार्थी बसतो, आकृति उतरवितो, आणि तेवढ्यांत त्याचें काम अडतें. आकृतींत कपॅसिटर दाखविलेला असतो, पण तो किती मोठा हें दिलेलें नसतें. डायोड असतो, पण कोणत्या जातीचा तें लिहिलेलें नसतें. निबंधाच्या शेवटीं मात्र सुंदर आलेख असतो.

ह्यांत लेखकाची लबाडी असते असें नव्हे. शोधनिबंध जाणत्यांसाठीं लिहिलेले असतात आणि त्यांस पृष्ठांची मर्यादा असते. शिवाय चिप ज्या कारखान्यांत तयार होते, त्या कारखान्याच्या ट्रान्झिस्टरांचे गुणधर्म पुष्कळदा गुप्त राखले जातात. म्हणून जें गाळलें गेलें तें भरून काढण्याचें काम वाचणाऱ्यावर येतें. हें भरून काढणें दोन प्रकारांनीं होऊं शकतें. एक प्रकार असा, कीं आलेख जुळेपर्यंत अंदाजानें आंकडे बदलीत राहावें. दुसरा प्रकार असा, कीं मंडलाचें काम समजून घेऊन प्रत्येक आंकडा कारणासह काढावा. पहिल्या प्रकारानें चित्र जुळतें, परंतु विद्या हातीं लागत नाहीं. येथें दुसऱ्या प्रकाराचाच विचार केला आहे.

प्रथम हें यंत्र समजून घेण्यास पाण्याचाच दृष्टांत घ्यावा. एका ओळींत कांहीं उंच घागरी मांडल्या आहेत अशी कल्पना करा. पहिली व तिसरी ह्या विषम घागरी एका फळीवर, आणि दुसरी व चौथी ह्या सम घागरी दुसऱ्या फळीवर ठेवल्या आहेत. प्रत्येक घागरीपासून पुढच्या घागरीकडे एक नळी जाते आणि त्या नळींत एकाच दिशेनें उघडणारी झडप आहे. विषम फळी हातभर वर उचलली, कीं तिच्यावरील घागरींतील पाणी उंचावर येतें आणि झडपेंतून शेजारच्या सम घागरींत उतरतें. मग विषम फळी खालीं येते, सम फळी वर जाते, आणि पाणी आणखी एक घागर पुढें सरकतें. झडप असल्यामुळें तें मागें फिरूं शकत नाहीं. असें होतां होतां शेवटच्या घागरींतील पाण्याची पातळी मूळ पातळीच्या कितीतरी वर गेलेली असते, आणि तेथून तें एका हौदांत पडतें. हौदांतून पाट काढलेला असतो व शेत त्यावर भिजतें.

ह्या दृष्टांतांतील घागर म्हणजे कपॅसिटर. जुने रेडिओ दुरुस्त करणारे कारागीर ह्यासच कंडेन्सर म्हणत. झडप म्हणजे डायोड. फळ्या आळीपाळीनें उचलणारे हात म्हणजे घड्याळासारखे नियमित चालणारे दोन विद्युत्संकेत. एक वर असतां दुसरा खालीं असतो. हौद म्हणजे शेवटचा मोठा कपॅसिटर, आणि पाट म्हणजे ज्यास ती वीज पुरवावयाची तें काम, अर्थात् लोड. एवढें मनांत ठसलें, म्हणजे साधनांची निवड कशी करावी ह्याचा अर्धा उलगडा झाला.

ह्या कल्पनेचा इतिहासहि थोडक्यांत पाहण्यासारखा आहे. कपॅसिटर व एकदिशा झडपा ह्यांची पायरी-पायरीची रचना स्विस शास्त्रज्ञ हाइन्रिख ग्राइनाखर ह्यांनीं पहिल्या महायुद्धानंतरच्या काळांत मांडली. पुढें १९३२ सालीं केंब्रिज येथें कॉक्रॉफ्ट व वॉल्टन ह्यांनीं तशाच रचनेनें लक्षावधि व्होल्टांचा दाब निर्माण करून लिथियमच्या अणुकेंद्राचें विभाजन केलें; त्याबद्दल त्यांस १९५१ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. परंतु तीच रचना चिपेंत नीट चालेना. कॉक्रॉफ्ट-वॉल्टन रचनेंत कपॅसिटर एकापुढें एक सांखळीसारखे जोडलेले असतात, आणि मुळाशीं दिलेला धक्का टोंकापर्यंत पोंचतांना क्षीण होत जातो. १९७६ सालीं जॉन डिक्सन ह्यांनीं तीवर उपाय प्रसिद्ध केला. त्यांनीं प्रत्येक कपॅसिटरास संकेताची तार स्वतंत्रपणें जोडली, म्हणजे प्रत्येक घागर थेट फळीवर ठेवली. आज चार्ज पंपावरील बहुतेक निबंधांचें मूळ ह्या डिक्सन रचनेंत सांपडतें. म्हणून साधनांचा हिशेब तिच्याच आधारें शिकणें सोयीचें आहे.

निवडीचा आरंभ कोठून करावा? पुष्कळ विद्यार्थी आकृतीच्या डाव्या बाजूपासून आरंभ करतात. पहिला कपॅसिटर किती, हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. वास्तविक आरंभ उजवीकडून, म्हणजे पाटापासून करावयास पाहिजे. शेतास पाणी किती लागतें हें ठाऊक नसतां मोट केवढी शिवावी हें कोण सांगूं शकेल? तद्वत् लोडास किती व्होल्ट दाब आणि किती प्रवाह पाहिजे, हे दोन आंकडे प्रथम निश्चित करावे. निबंधांत ते बहुधा आलेखाखालीं किंवा तक्त्यांत मिळतात. ते न पाहतां केलेली निवड पुढें कितीहि काळजीनें केली तरी निराधारच राहते.

दुसरा प्रश्न पायऱ्या किती, हा होय. हिशेब सोपा आहे. प्रत्येक पायरीवर संकेताच्या उंचीइतका दाब मिळतो आणि डायोड ओलांडतांना थोडा दाब खर्च होतो. आरंभींचा दाब धरला, तर चार पायऱ्यांच्या पंपांत पांच वेळां मिळकत आणि पांच डायोडांचा पांच वेळां खर्च होतो. मूळ दाब ५ व्होल्ट असून शॉट्की जातीचा डायोड वापरला, तर एका डायोडाचा खर्च सुमारें ०.३ व्होल्ट येतो. म्हणजे प्रत्येक वेळीं ४.७ व्होल्ट पदरांत पडतात, आणि पांच वेळांचे मिळून २३.५ व्होल्ट होतात. त्याच जागीं साधा सिलिकॉन डायोड घेतला, तर त्याचा खर्च सुमारें ०.७ व्होल्ट असल्यामुळें बेरीज २१.५ व्होल्टांवर थांबते. एका क्षुल्लक वाटणाऱ्या साधनाच्या निवडीनें दोन व्होल्टांचा फरक पडतो, तो असा. मूळ दाब जितका कमी, तितका हा खर्च अधिक बोंचतो, १.८ व्होल्टांच्या चिपेंत ०.७ व्होल्ट घालविणें म्हणजे मिळकतीचा तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग वाटेंतच सांडणें होय. म्हणूनच अलीकडील निबंधांतून डायोडाच्या जागीं युक्तीनें उघडझांप करणारे ट्रान्झिस्टर योजलेले आढळतात.

तिसरा प्रश्न कपॅसिटरच्या आकाराचा. वरील २३.५ व्होल्ट पाट बंद असतांनाचे आहेत. पाट सुरू झाला, कीं पातळी उतरते. किती उतरते? एका पायरीवरील उतार काढण्यास लोडाचा प्रवाह घ्यावा आणि त्यास कपॅसिटरची धारकता व संकेताचीं दर सेकंदास होणारीं आवर्तनें ह्यांच्या गुणाकारानें भागावें. घागर मोठी असो वा फळी वारंवार हालो, एका तासांत पाणी तितकेंच चढवितां येतें. म्हणून हे दोन आंकडे नेहमीं जोडीनेंच निवडावे लागतात. समजा, लोडाचा प्रवाह १ मिलिअँपिअर, कपॅसिटर ०.१ मायक्रोफॅरड, आणि आवर्तनें सेकंदास १ लक्ष आहेत. तर प्रत्येक पायरीवर ०.१ व्होल्ट आणि चार पायऱ्यांवर मिळून ०.४ व्होल्ट उतार पडतो. उत्तर २३.१ व्होल्ट येतें. लोड म्हणून बाजारांत मिळणारा २२ किलोओहमचा रोधक लावला, तर प्रवाह सुमारें १ मिलिअँपिअरच होतो आणि हिशेब जुळतो.

आतां ह्याच ठिकाणीं कपॅसिटर चुकला तर काय होतें तें पाहूं. दुकानांत मिळणाऱ्या चिनीमातीच्या कपॅसिटरांवर १०४ असा अंक असला म्हणजे तो ०.१ मायक्रोफॅरडचा, आणि १०२ असला म्हणजे त्याच्या शंभराव्या हिश्शाचा असतो. एका अंकाच्या फरकानें धारकता शंभरपट घटली, तर एका पायरीवरचा उतार ०.१ व्होल्टावरून १० व्होल्टांवर जातो. पण पायरीची मिळकतच ५ व्होल्टांहून कमी! अर्थात् तो पंप १ मिलिअँपिअर देऊंच शकत नाहीं. अशा वेळीं विद्यार्थ्यास वाटतें, निबंध चुकीचा आहे. वस्तुतः शेत एकराचें आणि मोट तांब्याएवढी, असा तो प्रकार असतो.

संगणकावर हा धोका आणखी एका वाटेनें येतो. स्पाइस ह्या नांवानें प्रसिद्ध असलेला सिम्युलेशनचा कार्यक्रम अमेरिकेंतील बर्कले येथील विद्यापीठांत पेडरसन ह्यांच्या मार्गदर्शनाखालीं नेगल ह्यांनीं रचला आणि तो १९७३ सालीं प्रकट केला. आजचे बहुतेक कार्यक्रम त्याच्याच वंशांतले आहेत. त्याच्या लेखनपद्धतींत आंकड्यापुढें एम हें अक्षर लिहिलें तर त्याचा अर्थ दशलक्ष असा होत नाहीं; सहस्रांश असा होतो. दशलक्षासाठीं मेग असें लिहावें लागतें. तसेंच कपॅसिटरच्या आंकड्यापुढें फॅरड ह्या अर्थानें एफ हें अक्षर जोडलें, तर कार्यक्रम त्यास फेम्टो समजतो, म्हणजे एकावर पंधरा शून्यें असलेल्या संख्येनें भागून टाकतो. दहा लक्ष ओहमचा लोड लिहिण्याच्या हेतूनें एक एम लिहिणाऱ्यानें प्रत्यक्षांत पंपाचें तोंड तारेनें बांधून टाकलेलें असतें. संगणक त्याबद्दल तक्रार करीत नाहीं. तो निमूटपणें शून्याजवळचें उत्तर देतो.

चौथा विषय डायोडाच्या वर्णनाचा. संगणकाच्या दृष्टीनें डायोड म्हणजे कांहीं आंकड्यांची यादी. तीस मॉडेल म्हणतात. यादी न देतां नुसता डायोड ठेवला, तर स्पाइस आपल्या पदरचे आंकडे घालतो. त्या आयत्या डायोडास अंगचा रोध नसतो, स्वतःची धारकता नसते, आणि उलट दिशेनें कितीहि दाब दिला तरी तो फुटत नाहीं. असा डायोड कोणत्याहि दुकानांत मिळणार नाहीं. म्हणून खरा डायोड निवडून त्याच्या कारखान्यानें प्रसिद्ध केलेलें मॉडेल वापरावें. चिपेंतील ट्रान्झिस्टरांबाबत ही अडचण मोठी असे, कारण कारखाने आपलीं मॉडेलें करारावांचून देत नाहींत. २०२० सालीं मात्र गुगल व स्कायवॉटर ह्या कंपन्यांनीं १३० नॅनोमीटर पद्धतीचीं मॉडेलें सर्वांस खुलीं केलीं. निबंध १८० नॅनोमीटरवर लिहिलेला असेल आणि परीक्षा १३० नॅनोमीटरवर घेतली जात असेल, तर उत्तरें तंतोतंत जुळणार नाहींत. तीं जुळविण्याचा अट्टाहास करूं नये. फरक कोणत्या दिशेनें व कां पडला हें सांगतां आलें म्हणजे पुरें.

पांचवा विषय असा, कीं जें आकृतींत काढलेलेंच नसतें तें धरणें. चिपेंत प्रत्येक तारेची व प्रत्येक पाटीची जमिनीशीं कांहीं धारकता असते. ती कोणी मुद्दाम ठेवलेली नसते. तिला चोरटी धारकता म्हणावें. फळी उचलली असतां घागरीबरोबर पाण्यानें ओथंबलेली शेजारची माती भिजावी, तसा संकेताचा कांहीं भाग तिच्यांत मुरतो. हातांतल्या ०.१ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरापुढें ती नगण्य आहे. परंतु चिपेंतील कपॅसिटर १ पिकोफॅरडचा असून चोरटी धारकता ०.२ पिकोफॅरड असली, तर ५ व्होल्टांच्या संकेतांतून सुमारें ४.१७ व्होल्टच पुढें जातात. प्रत्येक पायरीवर ०.८३ व्होल्ट बुडाले; चार पायऱ्यांचे मिळून ३.३ व्होल्टांहून अधिक झाले. ज्यानें ही धारकता सिम्युलेशनमध्यें घातली नाहीं, त्याचा पंप निबंधांतील मोजलेल्या पंपापेक्षां सरस ठरेल, आणि तो उगाच हर्ष पावेल.

प्रसिद्ध निबंधांतील थोड्या आंकड्यांवरून न दिलेला आंकडा कसा काढावा, ह्याचें उदाहरण डिक्सन ह्यांच्याच निबंधांतून घेतां येतें. त्यांत ४० व्होल्टांचा दाब, सेकंदास १० लक्ष आवर्तनें, जास्तींत जास्त सुमारें १० मायक्रोअँपिअर प्रवाह, आणि ३.२ दशलक्ष ओहमचा निर्गम-रोध असे आंकडे आहेत. निर्गम-रोध म्हणजे पायऱ्यांच्या संख्येस आवर्तनें व एका पायरीची एकूण धारकता ह्यांच्या गुणाकारानें भागून येणारी राशि. हें सूत्र उलटें फिरविलें, तर पायऱ्यांची संख्या गुणिले ०.३१२५ पिकोफॅरड एवढी प्रत्येक पायरीची धारकता ठरते. आठ पायऱ्या धरून पाहिलें तर २.५ पिकोफॅरड येतात. अंदाजाची गरजच राहिली नाहीं. परंतु त्याच आंकड्यांत एक इशाराहि आहे. १० मायक्रोअँपिअर प्रवाह ३.२ दशलक्ष ओहमांतून गेला, तर ३२ व्होल्टांचा उतार पडतो. म्हणजे ४० व्होल्ट हा दाब कोणत्या प्रवाहास मिळतो आणि १० मायक्रोअँपिअर कोणत्या दाबास मिळतात, हे प्रश्न वेगवेगळे आहेत. दोन्ही आंकडे एकाच वेळचे समजून जो सिम्युलेशन करूं जाईल, तो व्यर्थ झगडत बसेल. निबंधांतील प्रत्येक आंकड्यास, तूं कोणत्या परिस्थितींतला, असें विचारण्याची संवय अशा वेळीं उपयोगीं पडते.

सहावा विषय काळाचा. हौद रिकामा असतां मोट सुरू केली, तर पहिल्या दहा फेऱ्यांनीं तो भरत नाहीं. वरील चार पायऱ्यांच्या उदाहरणांत निर्गम-रोध ४०० ओहम येतो. हौद म्हणून १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला, तर त्याच्या भरण्याचें कालमान निदान ४०० मायक्रोसेकंद, म्हणजे ४० आवर्तनें, एवढें आहे. पातळी स्थिर व्हावयास त्याच्या पांचपट, म्हणजे २०० आवर्तनें तरी चालू द्यावीं लागतात. वीस आवर्तनांवर सिम्युलेशन थांबवून दाब कमी आला म्हणणें हें अर्धा हौद पाहून विहीर आटली म्हणण्यासारखें आहे. उलट संगणकाचें गणनेचें पाऊल मात्र लहान ठेवावें. एक आवर्तन १० मायक्रोसेकंदांचें असेल, तर त्यांत शेंकडों पावलें पडावीं. नाहींतर संकेताची चढउतार पावलांच्या मध्येंच निसटून जाते. हौद मोठा घेतल्यानें दाबांतील हेलकावा कमी होतो: येथें तो ०.०१ व्होल्ट एवढाच राहतो. परंतु भरण्यास वेळ अधिक लागतो. ह्या दोहोंचा मेळ लोडाची गरज पाहून घालावा.

आणखी एक गोष्ट संगणकास ठाऊक नसते, ती म्हणजे साधनांची सहनशक्ति. आपल्या उदाहरणांत पहिल्या कपॅसिटरवर सुमारें ५ व्होल्ट पडतात, तर चौथ्यावर १९ व्होल्टांच्या आसपास पडतात. सर्व कपॅसिटर १६ व्होल्ट मर्यादेचे घेतले, तर सिम्युलेशनमध्यें कांहींच बिघडत नाहीं. प्रत्यक्षांत मात्र चौथा मर्यादेबाहेर जातो. शिवाय चिनीमातीच्या कांहीं जातींची धारकता दाब वाढला कीं उतरते. म्हणून ज्यास संगणकावरून पुढें टेबलावर यावयाचें आहे, त्यानें प्रत्येक साधनापुढें त्याच्यावर पडणारा दाब लिहून ठेवावा.

एवढें सर्व केल्यावर उत्तर खरें आलें हें कसें ओळखावें? त्यासाठीं एक कसोटी आहे आणि ती फसत नाहीं. चार पायऱ्यांच्या पंपांत लोडाकडे जाणाऱ्या प्रत्येक विद्युद्भारासाठीं मुळाकडून पांच भार खर्च होतात. एक आरंभीं आणि एकेक प्रत्येक पायरीच्या संकेतांतून. लोड १ मिलिअँपिअर घेत असेल, तर मुळाकडून ५ मिलिअँपिअर निघालेच पाहिजेत. ५ व्होल्टांस ५ मिलिअँपिअर म्हणजे २५ मिलिवॅट खर्च, आणि २३.१ व्होल्टांस १ मिलिअँपिअर म्हणजे २३.१ मिलिवॅट मिळकत. मधले १.९ मिलिवॅट कोठें गेले? पांच डायोडांत १.५ आणि पायऱ्यांच्या उतारांत ०.४. हिशेबाची वही बरोबर मिटली. ज्या सिम्युलेशनमध्यें खर्च ह्याहून कमी दिसतो, तेथें आलेख कितीहि देखणा असो, कोठेंतरी चूक आहे असें खुशाल समजावें. कारण पाणी फुकट वर चढत नाहीं.

हें सारें काम करण्यास पूर्वीं फार महाग कार्यक्रम लागत, आणि ते विकत घेणें लहान गांवांतील महाविद्यालयांस सोपें नव्हे. ही अडचण आतां पुष्कळ दूर झाली आहे. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेंतील फॉसी ह्या प्रकल्पानें ई-सिम नांवाचा कार्यक्रम तयार केला आहे. आकृति काढण्यास कायकॅड व गणनेस एन्‌जी-स्पाइस ह्या खुल्या कार्यक्रमांच्या पायावर तो उभा आहे, आणि तो कोणासहि विनामूल्य मिळतो. त्याच प्रकल्पांत विद्यार्थ्यांनीं मंडलें निवडून त्यांचें सिम्युलेशन करावें आणि तें सर्वांस पाहण्यास खुलें ठेवावें, अशीहि योजना आहे. नांदेडच्या वा लातूरच्या मुलास साध्या संगणकावर, जगांतील कोणत्याहि विद्यापीठांतून निघालेल्या निबंधाची परीक्षा घेतां येते. ही सामान्य गोष्ट नव्हे. जें ज्ञान पूर्वीं केवळ मानून घ्यावें लागे, तें आतां पडताळून पाहतां येतें.

परंतु ह्या सोयीबरोबर जबाबदारीहि आली आहे. खुलें ठेवलेलें काम दुसरा कोणी विद्यार्थी उघडतो, त्यावर विश्वासतो, आणि त्यावर पुढची पायरी रचतो. आंकडे अंदाजानें बसविलेले असतील, तर ती चूक एका वहींत न राहतां पुढच्या सर्वांच्या कामांत शिरते. म्हणून अशा प्रत्येक कामाबरोबर एक साधा तक्ता जोडावा आणि त्यांत तीन रकाने ठेवावे. कोणते आंकडे निबंधांत दिलेले होते, हा पहिला रकाना. कोणते आंकडे सूत्रानें काढले व कोणत्या सूत्रानें, हा दुसरा. आणि कोणते आंकडे केवळ गृहीत धरले, व कां, हा तिसरा. तिसरा रकाना जितका आंखूड, तितकें काम भक्कम; पण तो रिकामा नसतां रिकामा दाखवूं नये. उत्तर निबंधाशीं जुळलें तर आनंदच आहे. न जुळलें तर हा तक्ता हातीं असल्यास फरकाचें कारण शोधतां येतें, आणि बहुधा त्या शोधांतच विद्यार्थी त्या मंडलाविषयीं सर्वांत अधिक शिकतो.